लाईन कोणी बंद करायची

ऑफिसात सगळे तिला वहिनी म्हणत, कारण तिचा सख्खा दीर तिच्याच हाताखाली कामाला होता. पहिल्याच दिवशी तो सगळ्यांदेखत सवयीनं "वहिनी, बॅग कुठे ठेवू?" म्हणून गेला आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. साहेबसुद्धा मीटिंगमध्ये "वहिनींचं काय मत?" असं विचारत. ती त्याला घरच्यासारखं भाऊजी म्हणायची, म्हणून तो अख्ख्या ऑफिसचा भाऊजी झाला. घरात मात्र तो नुसता धाकटा. वहिनीचा नवरा थोरला. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं.

कंपनी एक बटण बनवत होती. घरी एकट्या असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांनी गळ्यात घालायचं. पडलं, चक्कर आली, छातीत दुखलं, की दाबायचं. दाबलं की लाईन उघडायची, कंट्रोल रूमच्या पडद्यावर त्या माणसाचा नंबर उजळायचा, तिथली बाई लाईन उचलायची, विचारपूस करायची आणि गरज असेल तर गाडी पाठवायची. या सगळ्यामागे जे सॉफ्टवेअर होतं त्याचे दोन भाग होते. बाहेरून येणारी प्रत्येक लाईन आत घेणारा पहिला भाग. त्याला सगळे फाटक म्हणत, आणि ते धाकट्यानं लिहिलं होतं. दुसरा भाग म्हणजे कंट्रोल रूमचा पडदा, तो वहिनीनं लिहिलेला. दोन्हींची जबाबदारी शेवटी तिचीच होती.

बटणं अजून बाजारात आली नव्हती. काही निवडक घरांतून चाचणी चालू होती, आणि त्यांतलं एक बटण वहिनीच्या सासूच्या गळ्यात होतं. सासू आणि धाकटा तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत, थोरला आणि वहिनी त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. दिवसा तिघंही कामावर गेले की म्हातारी एकटीच. आयुष्यभर तिनं विणकामाच्या मशीनवर स्वेटर विणले होते. आता बोटं वाकडी झाली होती, पण जीभ सरळ होती. बटण गळ्यात घालताना ती म्हणाली, "चला, घंटी बांधलीत, आता दावं पण आणा. हरवले तर शोधायला बरं."

"आई, नको असेल तर नको घालू," धाकटा म्हणाला.

"घालते रे बाबा. तुमच्या दोघांच्या पोटावर पाय कशाला देऊ?"

चाचणी सुरू होऊन थोडे दिवस होतात न होतात तोच एका सकाळी सगळं ठप्प झालं. कोणी कितीही बटण दाबलं तरी पडद्यावर काही येईना. कारण सापडायला वेळ लागला नाही. बोलणं संपल्यावर लाईन बंद कोणी करायची, हे कोणी ठरवलंच नव्हतं. पडद्याला वाटायचं फाटक करेल, फाटकाला वाटायचं पडदा करेल. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी गत. संपलेल्या लाईनी उघड्याच राहत गेल्या, साठत गेल्या आणि शेवटी फाटकात नव्या लाईनीला पाय ठेवायला जागा उरली नाही.

त्या दिवशी कोणाला काही झालं नाही. पण साहेबांचा चेहरा उतरला. महिन्याअखेरीला एका मोठ्या हॉस्पिटलची माणसं हे सगळं बघायला येणार होती. त्यांनी लगेच मीटिंग लावली. मीटिंगची खोली म्हणजे कंट्रोल रूमला लागूनच प्लायवूडची भिंत घालून काढलेला एक कोपरा. पलीकडे कोणी शिंकलं तरी इकडे ऐकू यायचं.

"मला एक सांगा," साहेब म्हणाले, "लाईन बंद कोण करणार? एकच नाव सांगा."

"फाटक," वहिनी म्हणाली. "ज्यानं उघडली त्यानंच बंद करायची. घरात नळ ज्यानं सोडला त्यानं बंद करावा, तसं. सगळ्या लाईनी फाटकाच्या हातात असतात. कुठली जिवंत, कुठली मेलेली, ते त्यालाच दिसतं."

"नाही दिसत," धाकटा म्हणाला.

"का नाही दिसत?"

"वहिनी, फाटकाला फक्त एवढंच कळतं, की या लाईनीवरून काही येतंय की येत नाहीये. बोलणं झालं का, माणूस काय म्हणाला, त्याला मदत मिळाली का, यातलं काहीच कळत नाही. ते कळतं कंट्रोल रूममधल्या बाईंना. म्हणून बंद त्यांनी करायची. त्यांनी पडद्यावर 'बंद' दाबलं की पडदा फाटकाला सांगेल, आणि मग फाटक बंद करेल. स्वतःच्या मनानं नाही."

"आणि बाई विसरल्या तर? पडदा हँग झाला तर? चहाला उठल्या तर? ती लाईन तशीच लोंबकळत राहणार. हेच तर झालं!"

"मग विसरलेल्यांची वेगळी यादी दाखवू. त्यांना आठवण करू."

"म्हणजे माणसाच्या भरवशावर." वहिनीनं फळ्यावर फाटकाच्या नावापुढे केलेली खूण पुसून नव्यानं काढली. ती अशा वेळी फार नेमकं बोलायची, आणि तिचं बरोबरही असायचं; हाताखालच्यांना तिचा धाक होता तो त्यामुळेच. "माणसं विसरतात भाऊजी. म्हणून तर आपल्याला पगार मिळतो. थोडा वेळ लाईनीवरून काहीच आलं नाही, तर फाटकानं ती बंद करायची. सरळ नियम. कोणाला काही आठवायला नको."

"काहीच आलं नाही म्हणजे संपलं असं नसतं. आपलं बटण बॅटरी वाचवायला आवाज नसेल तेव्हा काहीच पाठवत नाही. एखादा माणूस नुसता गप्प असेल तर?"

"मदतीसाठी बटण दाबलेला माणूस गप्प का बसेल?" साहेबांनी विचारलं, आणि दोघंतिघं हसले.

धाकट्यानं वहिनीकडे बघितलं. ती हसली नव्हती. पण तिनं मान हलवली ती साहेबांच्या बाजूनं. "अगदीच वाटलं तर तुटलेल्या लाईनी बाईंना दिसतील अशी सोय पुढच्या महिन्यात करू," ती म्हणाली. "आत्ता फाटक. हॉस्पिटलवाले यायच्या आत झालं पाहिजे."

"माझं मत वेगळं आहे, हे लिहून ठेवा," धाकटा म्हणाला.

"ठेवलं," वहिनी म्हणाली. "पण नियम लिहाल ना?"

"लिहीन. सांगितलंय तर लिहीन."

संध्याकाळी सगळे तळमजल्यावर जेवायला एकत्र बसले तरी तो वाद चालूच होता. थोरल्याला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो मान खाली घालून जेवत होता. धाकटा पुन्हा गप्प माणसाचं उदाहरण काढून बसला, वहिनी पुन्हा नळावर आली. म्हातारीनं बराच वेळ ऐकून घेतलं.

"तुमचं ते फाटक उघडं ठेवायचं की बंद करायचं ते सावकाश ठरवा," ती म्हणाली, "आधी उठून ते दार लावा. डास आत येतायत."

थोरला एवढा हसला की त्याला ठसका लागला. वहिनीही हसली. उठून दार धाकट्यानं लावलं.

त्यानं नियम लिहिला. जसा सांगितला तसाच, चोख. वहिनीनं तपासला. सगळ्यांनी आळीपाळीनं बटणं दाबून बघितली, "हॅलो, ऐकू येतंय का?" म्हणून ओरडून बघितलं, आणि बोलणं थांबलं की लाईन आपोआप मिटताना पाहिली. पडदा लख्ख राहू लागला. गप्प बसून कोणी बघितलं नाही. धाकट्यानंही नाही. मत मांडून झालं होतं, आता नियम चालतो की नाही एवढंच बघायचं होतं, आणि तो चालत होता.

हॉस्पिटलची माणसं आली ती सकाळी उन्हं वर आल्यावर. साहेबांनी आदल्या दिवशीच ठरवलं होतं, की पडदा रिकामा दिसता कामा नये. म्हणून ऑफिसातल्या निम्म्या लोकांना बटणं देऊन जिन्यात, गच्चीवर, खाली टायरच्या दुकानासमोर उभं केलं होतं. खूण झाली की त्यांनी दाबायचं आणि आजाऱ्याचं सोंग करायचं. कोणी गुडघा धरत होता, कोणी दम लागल्यासारखं बोलत होता. कंट्रोल रूममधल्या सगळ्या बाया त्या खोट्या आजाऱ्यांशी बोलण्यात गुंतल्या होत्या. वहिनी पाहुण्यांना पडदा समजावून सांगत होती. धाकटा मागे हात बांधून उभा होता.

"ही लाईन संपली," वहिनी म्हणाली, "आता कोणी काही केलं नाही तरी ती आपोआप जाईल. बघा."

नंबर विझला. पाहुण्यांनी माना डोलावल्या. खाली रांगेत आणखी एक नंबर उजळला, थोडा वेळ थांबला, आणि तोही विझला. परत उजळला, परत विझला.

"हा कोण?" पाहुण्यांपैकी एकीनं विचारलं.

"आमच्यातलाच कोणीतरी असेल," साहेब म्हणाले. "उत्साहात दोनदा दाबलं असेल."

पडद्यावर नावं नव्हती, नंबर होते. वहिनीला कुठलाच नंबर पाठ नव्हता.

थोरला दुपारी दुकान बंद करून घरी आला. म्हातारीचा वाचायचा चष्मा त्यानं दुरुस्तीला नेला होता, तो द्यायला तळमजल्यावर थांबला. बेल वाजवली, दार उघडेना, तेव्हा त्यानं स्वतःच्या किल्लीनं उघडलं. आई स्वयंपाकघरात ओट्याशी पडली होती. डोळे उघडे. तोंड एका बाजूला ओघळलेलं. उजवा हात निर्जीव, आणि डाव्या हाताचा अंगठा गळ्यातल्या बटणावर घट्ट दाबलेला. त्याला बघून तिच्या घशातून काहीतरी निघालं, पण त्याला शब्द म्हणता आलं नसतं.

त्यानं अँब्युलन्स बोलावली. मग भावाला फोन केला.

"आई पडलीय. तिनं तुमचं ते बटण दाबलं होतं. तुमच्याकडून कोणी आलं कसं नाही?"

धाकटा फोन कानाला धरून तसाच उभा राहिला. पाहुणे नुकतेच गेले होते. साहेबांनी पेढा खाल्ल्यासारखं तोंड गोड करून सगळ्यांची पाठ थोपटली होती. वहिनीनं त्याच्याकडे बघितलं आणि काय झालं ते विचारायच्या आतच तिला कळलं, की काहीतरी घरचं आहे.

हॉस्पिटलच्या लांब बाकावर तिघं बसून होते. डॉक्टरीण बाहेर येऊन सांगून गेली: मेंदूत रक्ताची गुठळी, बोलणं आणि उजवी बाजू गेलेली. औषध वेळेवर गेलं असतं तर खूप फरक पडला असता. आता ती वेळ टळून गेलीय. हे सांगताना तिनं आवाज चढवला नाही की उतरवला नाही. रोजचंच असणार तिचं.

संध्याकाळी कंट्रोल रूममधल्या बाई आल्या. वयस्क, शांत बाई. म्हातारी त्यांना आवाजानं ओळखायची, चाचणीच्या नावाखाली बटण दाबून "आज बाहेर ऊन आहे का हो?" असं काहीतरी विचारायची. त्या वहिनीला बाकापासून जरा दूर घेऊन गेल्या, पण धाकटा उठून मागे गेलाच.

"मी त्या गुडघेवाल्याशी बोलत होते," बाई म्हणाल्या. "रांगेत नंबर दिसला. ओळखीचा वाटला. म्हटलं, हे संपलं की घेते. तोवर गेला. परत आला, परत गेला. मला वाटलं, आजींनीच ठेवून दिला. गेला म्हणजे त्यांनी ठेवला, असंच ना? आम्हाला असंच सांगितलं होतं ना, वहिनी?"

"हो," वहिनी म्हणाली. "असंच सांगितलं होतं."

"मग त्यांनी ठेवला नव्हता?"

"नाही. आम्ही ठेवला."

बाईंनी पदराचं टोक तोंडावर धरलं. धाकटा भिंतीला टेकला. त्यानं काहीही म्हटलं असतं तरी वहिनीला चाललं असतं. "मी सांगत होतो" एवढंच म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

म्हातारी दोन दिवस जगली. डाव्या हाताची बोटं चादरीवर हलत राहायची, विणताना हलतात तशी. तिसऱ्या दिवशी पहाटे तीही थांबली.

अंत्यसंस्कार आटोपून माणसं पांगली, आणि थोरला शेजाऱ्यांशी बोलत खाली अंगणात थांबला. वहिनी तळमजल्यावरच्या खोलीत आली तेव्हा धाकटा आईच्या पलंगावर बसला होता. ओले केस, अंगावर सकाळचेच कपडे.

"भाऊजी," ती म्हणाली, "बाकीच्यांच्या गळ्यात अजून तेच बटण आहे."

त्यानं मान वर केली नाही.

"आत्ता या क्षणी. तोच नियम चालू आहे. मला एकटीला फाटकात हात घालता येणार नाही. ते तुम्ही लिहिलंय. चला."

"आज?"

"आजच."

"वहिनी, आईला पोचवून आलोय आत्ता."

"माहितीय मला." तिचा आवाज फुटला, पण ती दारातून हलली नाही. "मीही तिथेच होते. चला."

तो उठला. थोरल्यानं अंगणातून दोघांना एकत्र जाताना पाहिलं.

ऑफिसात साहेब त्यांना बघून खुर्चीतून अर्धे उठले. मग, त्यांचं सांत्वन करता करताच, त्यांनी हळूच म्हणून बघितलं, की इतक्यात काही बदलू नका. बदललं तर आपलंच चुकलं असं होईल. त्या वेळी बटण नीट दाबलंच गेलं नसेल, असंही असू शकतं.

"दाबलं होतं," वहिनी म्हणाली. "पाहुण्यांसमोर पडद्यावर दिसत होतं. तुम्हीच म्हणालात, आमच्यातलाच कोणीतरी आहे. बरोबरच होतं तुमचं. आता तुम्हाला दोन रस्ते आहेत. एक, आम्ही बदलतो. दोन, मी प्रत्येक घरी फोन करून सांगते की बटण काढून ठेवा."

साहेबांनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि ते बाहेर गेले.

दोघं प्लायवूडच्या भिंतीजवळ बसले. फळ्यावर तिच्याच हातची जुनी खूण होती. तिनं ती पुसली आणि खडू त्याच्यापुढे धरला. त्यानं घेतला नाही, बसूनच बोलला. थकलेल्या माणसाचं बोलणं असतं तसं, एकेक वाक्य सुटं.

"मेलेली लाईन वेगळी, गप्प माणूस वेगळा. आपण दोघांना एकच समजलो."

"मग फाटकाला फरक कळणार कसा?"

"त्यानं बटणाला विचारायचं. माणसाला नाही, बटणाला. तू आहेस का? बटण म्हणेल, आहे. माणूस बोलो न बोलो. बटण आहे म्हणालं की लाईन जिवंत. मग फाटकानं तिला हात लावायचा नाही. कितीही वेळ गेला तरी."

"आणि बटणानंच उत्तर दिलं नाही तर?"

"तर लाईन मेली. ती फाटकानं बंद करायची, जागा अडवून चालणार नाही. पण नंबर पडद्यावरून पुसायचा नाही. तो लाल करायचा. लाईन गेली, माणूस नाही. बाईंनी उलट फोन करायचा, कोणी उचलला नाही तर गाडी पाठवायची. लाईन फाटकानं मिटवायची, माणसाचं काम झालं की नाही ते माणसानंच ठरवायचं."

वहिनी लिहीत होती. तिला दिसत होतं, की हे सगळं त्या मीटिंगमध्येच त्याच्या डोक्यात होतं, अर्धवट का होईना. आणखी थोडा वेळ त्याला बोलू दिलं असतं तर ते बाहेर आलं असतं. तिनं तसं म्हणून बघितलं.

"नसतं आलं," तो म्हणाला. "मला फक्त तुमचं चुकतंय एवढंच कळत होतं. बरोबर काय ते आत्ता कळलं."

काम संपलं तेव्हा त्यांनी कंट्रोल रूममधल्या बाईंना बोलावलं. धाकट्यानं एक बटण दाबलं आणि ते टेबलावर ठेवून दिलं. कोणी बोललं नाही. पडद्यावर नंबर उजळला आणि तसाच राहिला. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग धाकटा उठून जिन्यात गेला, आणि तिथून त्याच्या रडण्याचा आवाज आला. बाई उठू लागल्या तेव्हा वहिनीनं त्यांचा हात धरून बसवलं.

घरी आल्यावर तिनं थोरल्याला सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. नियम कोणाचा, कोणी विरोध केला, कोणी लिहिला, पडद्यावर काय दिसलं, आपण त्या वेळी काय करत होतो. धाकटाही तिथेच बसला होता. थोरला ऐकत होता. चष्मा काढून हातात धरला होता, आणि काच पुसायचं फडकं दुसऱ्या हातात तसंच राहिलं होतं.

"म्हणजे माझी चूक आहे," वहिनी म्हणाली. "भाऊजींची नाही. हे नीट ऐक."

"ऐकलं," थोरला म्हणाला. तो भावाकडे वळला. "तुला तेव्हाच माहीत होतं?"

"वाटत होतं."

"वाटत होतं ना? तिला वाटत नव्हतं. तिला ते बरोबर वाटलं, तिनं केलं. माणूस चुकतो. तुला चूक आहे हे वाटत होतं, तरी तू तुझ्या हातानं लिहिलंस. आणि ते लिहून रोज संध्याकाळी इथे येऊन आईच्या हातचं जेवलास."

"अरे, हा काय न्याय झाला?" वहिनी ओरडली. "मी वरिष्ठ. मी सांगितलं म्हणून त्यांनी लिहिलं. नसतं लिहिलं तर मी दुसऱ्याकडून लिहून घेतलं असतं!"

"मग दुसऱ्यानं लिहिलं असतं. यानं लिहिलं नसतं. आईच्या गळ्यातून ते बटण तरी काढून घ्यायचं होतंस," तो भावाला म्हणाला. "तेवढं तर तुझ्या हातात होतं. एकाच छपराखाली राहत होतास."

वहिनीनं कितीतरी वेळ दोघांच्या मध्ये बसून वाद घातला, रडली, नवऱ्याचा दंड धरून हलवला. थोरला तिच्यावर रागावला नाही, ना तेव्हा, ना नंतर. तिला तेच असह्य होत होतं. आपल्या वाट्याचा दोष समोरच्यानं उचलून दुसऱ्याच्या पानात वाढावा, आणि आपण परत मागितला तरी मिळू नये, असं काहीसं.

धाकटा पुढच्याच आठवड्यात तळमजल्यावरून निघाला. नोकरीही सोडली. गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यानं खोली घेतली. पलंग, टेबल, एक खुर्ची. खालची यंत्रं चालू झाली की जमीन थरथरायची.

बटणं बाजारात आली. वहिनी तिथेच राहिली. निघून जाणं तिला सोपं वाटलं असतं, म्हणूनच राहिली. पावसाळ्यानंतर एकदा एका म्हाताऱ्याचा नंबर बराच वेळ गप्प उजळत राहिला, आणि बाईंनी गाडी पाठवली. म्हातारा बटण कुशीखाली दाबून झोपला होता. त्यानं गाडीवाल्यांना शिव्या घातल्या आणि कंपनीला तक्रार केली. ती तक्रार ऐकून कंट्रोल रूममधल्या बाई कित्येक दिवसांनी हसल्या. पुढे आणखी एक गप्प नंबर आला, तेव्हा बाथरूममध्ये पडलेली एक बाई जिवंत सापडली. साहेबांनी त्याची बातमी छापून आणली. वहिनीनं ती वाचली नाही.

एका सुट्टीच्या दिवशी ती छापखान्यावरच्या खोलीत गेली. धाकट्यानं दार उघडलं. दाढी वाढली होती, वजन उतरलं होतं. त्यानंच आधी विचारलं, "चालतंय का नीट?"

"चालतंय. एक बाई वाचली."

"हं." त्यानं तिला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगावर टेकला. खाली यंत्रं बंद होती, सुट्टी होती. तो म्हणाला, "एक भोक राहिलंय त्यात. बोलता बोलता बाईंचा पडदाच बंद पडला तर? फाटक म्हणणार लाईन जिवंत आहे. बटण म्हणणार आहे. आणि दुसऱ्या टोकाला कोणीच नाही. माणूस आपला हॅलो, हॅलो करतोय."

वहिनीनं पर्समधून पेन काढलं. "मग ती लाईन कोणी घ्यायची?"

"शेजारच्या बाईंच्या पडद्यावर जायला हवी. आपोआप. पण तिथे गेली हे कोण ठरवणार, तोच प्रश्न."

ऊन भिंतीवरून खाली येईपर्यंत ते बोलत राहिले. तो बोलायचा, ती खोडून काढायची. आता त्यानं म्हटलेलं एक वाक्यही ती अर्ध्यात तोडत नव्हती. निघताना तिनं "घरी या" असं म्हटलं नाही, कारण ते खरं झालं नसतं. "परत येईन," एवढंच म्हणाली. तो बरं म्हणाला.

घरी थोरला जेवायचा थांबला होता.

"कुठे होतीस?"

"भाऊजींकडे."

त्यानं तिचं ताट वाढलं, पाण्याचा तांब्या जवळ ठेवला, आणि जेवायला बसला. म्हातारीच्या चेहऱ्याची दोनच माणसं आता उरली होती, आणि ती एकमेकांशी पुन्हा कधी बोलली नाहीत. वहिनी मात्र दर सुट्टीला जात राहिली. थोरला दर वेळी विचारायचा, ती दर वेळी खरं सांगायची.